एसीच्या गाडीला बिगर-एसीचा अल्टरनेटर : साताऱ्यात माझी झालेली फसवणूक

एकूण १६,९५० रुपये गेले. त्यांपैकी १३,७०० रोख आणि ३,२५० यूपीआयने, तेही गॅरेजमालकाच्या नव्हे, भलत्याच नावाच्या खात्यावर. पक्के बिल नाही. ज्याने एका सहकारी बँकेच्या लेखापरीक्षण विभागात एकतीस वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली, त्याच्यावर हे लिहिण्याची वेळ यावी याची लाज वाटते. परंतु अशाच पद्धतीने गंडवलेली आणखी दोन माणसे मला याच शहरात महिनाभरात भेटली, तेव्हा गप्प बसणे जमेना.

एप्रिलमधल्या एका शनिवारी नातवाचे बारसे आटोपून पुण्याहून साताऱ्याकडे येत असताना खंबाटकीच्या चढाला डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडी नऊ वर्षांची, छोटी, एसी असलेली. एसी ताबडतोब बंद केला, काचा खाली केल्या आणि बॅटरीत जो काही करंट शिल्लक होता त्यावर आनेवाडीचा टोलनाका आणि लिंब खिंड ओलांडून आम्ही घरी पोहोचलो. इथपर्यंत माझे काहीही चुकलेले नाही, हे मी आवर्जून नोंदवतो. दुसऱ्या दिवशी रविवार; नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला आणि सोमवारी सौ.च्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरची तपासणी कराडला ठरलेली. म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेल्या, रविवारीही उघड्या असणाऱ्या एका गॅरेजात गाडी नेली.

मालकाने मीटर लावला आणि ‘चार्जिंगच नाही काका, डायनामो गेला,’ असे सांगितले. (डायनामो म्हणजेच अल्टरनेटर : इंजिनावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग.) हे निदान खोटे नव्हते. खोटेपणा त्याच्या पुढे सुरू झाला. खोलून कार्बन (आतले झिजणारे ब्रश) आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा भाग) बदलले तर चालेल का, असे मी विचारले होते, म्हणजे मला अगदीच काही कळत नव्हते असे नाही. ‘आर्मेचरच जळालंय, वास घ्या की,’ असे म्हणून त्याने तो माझ्या नाकाशी धरला, आणि मी वास घेतला! गॅरेजात जळका वास कोणत्याही वस्तूला येतो, हे घरी आल्यावर सुचले.

त्याने सांगितलेला हिशेब असा : नवीन अल्टरनेटर ८,७००, मजुरी १,२००, दोन बेल्ट ९५०, आणि अल्टरनेटर खाली एसी कॉम्प्रेसरच्या मागे असल्यामुळे गॅस सोडून पुन्हा भरावा लागेल म्हणून १,८००. जुन्या डायनामोचे ४०० वजा. एकूण १२,२५०. पक्के बिल हवे असल्यास वर अठरा टक्के जीएसटी पडेल, असे तो म्हणाला आणि मी ‘राहू द्या’ म्हणालो. हे दोन शब्द मी पुढे पाच ठिकाणी ऐकून घेतले आहेत, त्यामुळे इथे ते स्वतःच लिहून टाकतो. उलटतपासणी करणाऱ्यांनी मला एवढेच सांगावे की रविवारी दुपारी, गाडी उघडी पडलेली असताना, किती जण उलट म्हणाले असते.

आता त्या क्षणाविषयी, जो मला अजून झोपू देत नाही. खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव होते, परंतु खोक्याचे कोपरे मऊ पडलेले होते. आतला अल्टरनेटर मी हातात घेतला तेव्हा उजव्या हाताच्या अंगठ्याला चंदेरी रंग लागला. बोल्ट ज्या कानातून जातो त्या कानावर, रंगाच्या खाली, वॉशर दाबून बसल्याची गोल खूण दिसत होती. न वापरलेल्या मालाला वॉशरची खूण कुठून येणार? जिथे अँपिअर लिहिलेले असते ते लेबल नव्हते. तिथे डिंकाचा चौकोन होता. मी हे सगळे पाहिले. ‘रंग कसा लागतो?’ एवढे विचारलेही. ‘पॅकिंगचा कोट आहे, गंज धरू नये म्हणून,’ असे तो सहज बोलून गेला, तेवढ्यात पोऱ्याने चहा आणला, शेजारी आणखी दोन गिऱ्हाईके उभी होती, आणि चहा पीत असताना समोरच्या माणसाला चोर ठरवणे मला असभ्यपणाचे वाटले. खिशातला रुमाल काढून मी अंगठा पुसला. एकतीस वर्षांत कोणत्याही शाखाधिकाऱ्याचा चहा घेऊन मी शेरा मागे घेतला नव्हता. इथे एका कटिंगवर घेतला.

जाता जाता ‘आता बिनधास्त जावा’ असे सांगण्यात आले. कराडला जाणे-येणे व्यवस्थित झाले, कारण सकाळची वेळ होती आणि सौ.ला गार वारा सोसत नसल्यामुळे एसी बंद होता. अकराव्या दिवशी रात्री कोरेगावहून परतताना वळवाने गाठले. हेडलाइट, वायपर आणि काचेवरची वाफ जावी म्हणून एसी, असे तिन्ही एकदम चालू झाले आणि थोड्याच वेळात दिव्यांचा उजेड पणतीसारखा झाला. शहराच्या वेशीवर गाडी बंद पडली. पुन्हा त्याच गॅरेजात गेलो, कारण ‘सहा महिन्यांची गॅरंटी’ त्याने तोंडी दिली होती. त्याने बॅटरी मेल्याचे सांगून ४,७०० रुपयांना दुसरी बसवली आणि माझी जुनी ‘एक्स्चेंज’मध्ये ठेवून घेतली. ती बॅटरी अवघी चौदा महिन्यांची होती आणि तिचे वॉरंटी कार्ड माझ्याच कपाटात होते. नुसती उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक असतो. चार्ज करून तपासल्याशिवाय बॅटरी कोणाच्याही हवाली करू नका.

चार दिवसांनी पुन्हा तेच झाल्यावर मी कराडच्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी बॅटरीच्या टोकांना मीटर लावून मला आकडे वाचायला लावले. इंजिन चालू, बाकी सर्व बंद : १३.७ व्होल्ट. मग एसी, ब्लोअर आणि हेडलाइट लावले : १२.० आणि उतरता. ‘हा बिगर-एसीचा डायनामो आहे,’ ते म्हणाले. एसी सुरू झाला की कॉम्प्रेसरचा क्लच, कंडेन्सरचा पंखा आणि ब्लोअर असे सगळेच वीज मागतात, म्हणून एसीच्या मॉडेलला जास्त अँपिअरचा अल्टरनेटर देतात. कमी क्षमतेचा बोल्टांना बरोबर बसतो, दिवसा गाडी हाकतो, आणि उरलेली तूट गुपचूप बॅटरीतून भरून काढतो. त्यांनी तो उघडला. बेअरिंग जुनी, आतली तार जुनी, नवा फक्त रंग.

याहून अधिक राग मला गॅसच्या १,८०० रुपयांचा आला. त्यांनी कॉम्प्रेसरचे बोल्ट काढले, पाइप न सोडता तो तसाच बाजूला झुकवून दोरीने बांधला आणि अल्टरनेटर खालून काढून घेतला. गॅसच्या तोट्यांवरची टोपणे त्यांनी मला बोटाने दाखवली : त्यांवर तेल आणि धुळीचा काळा थर जसाच्या तसा होता. ती टोपणे कित्येक महिन्यांत कोणी उघडलेलीच नव्हती! योग्य क्षमतेचा अल्टरनेटर ७,४०० आणि मजुरी ५००, पक्क्या बिलासह, आणि सुटे काढलेले सर्व भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले. जुना भाग परत मागा. ४०० रुपयांच्या मोहात मी जो ठेवून आलो, तो कदाचित कार्बन बदलून चालला असता, आणि आता तो कोणाच्या तरी गाडीत चंदेरी होऊन फिरत असेल.

गॅरेजमालकाने पुढे फोन उचलणे बंद केले आणि माझी दुसरी वणवण सुरू झाली. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो, तर ‘हे दिवाणी स्वरूपाचे आहे, ग्राहक आयोगात जा’ असे सांगण्यात आले. जुना माल नवा म्हणून विकणे ही फसवणूक कशी होत नाही, हे विचारल्यावर साहेब बंदोबस्तात असल्याचे कळले. अर्जावर नुसता पोहोचशिक्का मिळायला तीन खेपा पडल्या. दुसऱ्या एका कार्यालयाने आमचा संबंध वाहनाशी आहे, गॅरेजशी नाही, असे सांगितले. तिसऱ्याने, बिल न घेऊन तुम्हीही कर बुडवलाच ना, असे मलाच सुनावले. ज्या कंपनीचे नाव खोक्यावर होते तिच्याकडून आपोआप येणारे आभाराचे पत्र आले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच : पक्के बिल आहे का? आणि मी वहीच्या फाडलेल्या पानावरचे आकडे पुढे करायचो. वास्तविक ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे जो त्याचा गुन्हा, तोच माझ्या तक्रारीतला दोष म्हणून मला दाखवला जात होता. आणि हे कलम मी टेबलापलीकडच्या माणसाला वाचून दाखवले, तेव्हा त्याने पंख्याचा वेग वाढवला.

त्यातल्या त्यात उपयोगाचे तेवढे सांगतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. यूपीआयचे ३,२५० हाच माझा एकमेव लेखी पुरावा ठरला, त्यामुळे ‘क्यूआर बंद आहे’ असे ऐकू आले की गाडीची किल्ली परत मागा. आणि गाडी धडधाकट असतानाच मूळ अल्टरनेटरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवा.

कराडच्या इलेक्ट्रिशियनांनी आपले निरीक्षण लेटरहेडवर लिहून सही करून दिले आहे. गॅरेजला पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘मालक बाहेरगावी’ या शेऱ्यासह परत आली. त्याच सायंकाळी तो मला मंडईत भाजी घेताना दिसला. आयोगात तक्रार दाखल केली असून तो चंदेरी अल्टरनेटर गोणपाटात बांधून बाल्कनीत ठेवला आहे. रुमाल सौ.ने दोनदा धुतला, डाग निघाला नाही, म्हणून तोही मी पुराव्यांच्या यादीत अनुक्रमांक ७ वर लावला आहे. ओळखीच्या वकिलांनी हसून तो काढायला सांगितले. मी काढलेला नाही.