पाइपला अडीच, खोक्याला साडेचार

सरळ मुद्द्यावर येते. परसात मातीशिवाय पालेभाजी लावायची असेल, तर पाइपांच्या मांडणीला माझ्याकडून पाचपैकी अडीच, थर्माकोलच्या खोक्याला साडेचार आणि ऑनलाइन मिळणाऱ्या तयार ‘ए’ आणि ‘बी’ खताच्या बाटल्यांना एक. तोही झाकण गळत नाही म्हणून.

आमचं घर नाशिकला, जुनं, बैठं. मागे धुण्याचा दगड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये दोन खाटा मावतील एवढी जागा. सकाळचं ऊन भरपूर, दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली. पालेभाजीला एवढं पुरतं. माती मात्र नावापुरती, बांधकामाचा राडारोडा पुरून वर मुरूम टाकलेला. म्हणून हा पाण्याचा उद्योग.

पहिल्यांदा पाइप केले, कारण सगळे तेच दाखवतात. चार इंची पीव्हीसी, गल्लीतल्याच प्लंबरकडून होल सॉने दोन इंची भोकं पाडून घेतली, लोखंडी अँगलवर किंचित उतार देऊन बसवले. खाली झाकणाचा ड्रम, त्यात कूलरचा पंप. पाणी वर चढतं, पाइपांच्या तळाशी पातळ धार वाहते आणि परत ड्रममध्ये पडते. दिसायला झकास. बघायला येणारा प्रत्येक जण आधी फोटो काढायचा, मग विचारायचा, ‘काकू, लाइट गेल्यावर काय?’

तीच तर गोम आहे. पाइपात पाणी साठत नाही, नुसतं वाहतं. एप्रिलच्या दुपारी वीज गेली की मुळं बघता बघता सुकायला लागतात आणि रोपं माना टाकतात. वीज असली तरी उन्हातला पाइप तापतो, आतलं पाणीही तापतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: वीस अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात, वास मारतो, आणि वर पान मात्र दोन दिवस हिरवंगारच दिसतं. त्यात पांढऱ्या पाइपातून उजेड आत जातो, म्हणून शेवाळ धरतं. आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा लागला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच पाइपांवर लेट्यूस देखणं येतं, हेही सांगते. नाशिकच्या थंडीचा तो गुण, पाइपाचा नव्हे.

खोका याच्या अगदी उलट. दिसायला काही नाही, कामाला पक्का. मासळी बाजारात बर्फाचे थर्माकोलचे खोके मिळतात. साबणाने दोनदा धुऊन उन्हात टाका, नाहीतर मांजरं मुक्कामाला येतात. आत जाड काळा प्लास्टिक कागद, झाकणाला सहा भोकं, भोकात जाळीची कुंडी, कुंडीत कोकोपीट आणि वर भाजक्या मातीचे गोळे. पंप नाही, वायर नाही. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची ही पद्धत. पाणी सुरुवातीला कुंडीच्या बुडाला टेकेल इतकं भरायचं. रोप ते पीत जातं, पातळी उतरते आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेतात.

झाकण उचलून बघा कधीतरी. वरच्या चार बोटांतली मुळं आखूड, दाट, लवदार. खालची लांब, गुळगुळीत, पाण्यात पसरलेली. एकाच रोपाला दोन तऱ्हांची मुळं. म्हणूनच पाणी कमी झालं म्हणून उत्साहाने काठोकाठ भरायचं नाही, हवेतली मुळं बुडून गुदमरतात. अर्ध्यापर्यंतच भरा. लेट्यूसला काढणीपर्यंत रोपामागे चारेक लिटर पुरतं. पालकाची पानं पुन्हा पुन्हा खुडायची असतात, त्याला मधून भर घालावी लागते.

अर्धा गुण कापला तो डासांसाठी. भोक आणि कुंडी यांत फट राहिली की डेंग्यूचा डास आत अंडी घालणारच. फटी फोमच्या पट्टीने बंद केल्या. महापालिकेची माणसं अळ्या तपासायला येतात तेव्हा आता मीच झाकण उघडून दाखवते.

आता खत, कारण खरा खेळ तिथे आहे आणि लोक पैसे मात्र पाइपावर घालवतात. ऑनलाइन बाटल्यांवर नत्र किती, पोटॅश किती, लोह कोणत्या रूपात, यातलं काहीच छापलेलं नव्हतं. नुसतं ‘प्रीमियम’. त्यांच्या ग्राहक सेवेला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, आमचा फॉर्म्युला गोपनीय आहे.’ अहो, झाडाला लागणारं अन्न गेली कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकात आहे!

आणि आपण द्राक्षांच्या जिल्ह्यात राहतो. हा सगळा माल दिंडोरी रोडवर कृषी सेवा केंद्रात किलोच्या पुड्यांत मिळतो. मी यादी काढून दाखवली: कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४ (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे टक्के), मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड लोह, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

‘मावशी, बाग किती एकर?’

‘सहा भोकांचे चार खोके.’

तो हसला, पण चिलेटेड लोह १२ टक्क्यांचंच दिलं आणि वर म्हणाला, ‘एकोणीस-एकोणीस नेऊ नका यासाठी.’ बरोबर सांगितलं. १९:१९:१९ मधलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू ते पचवून झाडाला देतात, खोक्यातल्या पाण्यात ते काम नीट होत नाही.

माझं प्रमाण, १०० लिटर पाण्याला: कॅल्शियम नायट्रेट ६५ ग्रॅम, १३:०:४५ चाळीस ग्रॅम, ०:५२:३४ वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, लोह २ ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम. लहान रोपांना याच्या निम्मं. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवायचं आणि शेवटी ड्रममध्ये ओतायचं. घट्ट द्रावणं एकत्र केली की कॅल्शियम सल्फेटला आणि फॉस्फेटला धरतं, पांढरा साका खाली बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. बाटल्या दोन असतात त्या एवढ्यासाठी. यात गोपनीय काय आहे?

पाण्याबद्दल. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते चांगलं. बोअरचं जड. त्यात आधीच इतके क्षार की खत घालण्याआधीच क्षार मोजायच्या मीटरचा आकडा वर जातो, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी याचं माप, साडेसातच्या पुढे सरकतो. तिथे साधं ईडीटीए लोह, म्हणजे नेहमीचं १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह, टिकत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की खत वाढवू नका, पीएच बघा. साडेपाच ते साडेसहा हवा. मी द्राक्षवाले ड्रिपला सोडतात तेच फॉस्फोरिक अॅसिड थेंबाथेंबाने वापरते. हातमोजे घालून, आणि पाण्यात अॅसिड टाकायचं, अॅसिडात पाणी नव्हे. आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, पेन स्वस्तातला चालतो, चार गुण. फक्त तो कोणत्या गुणकाने आकडा काढतो ते बघून घ्या. पेन खरं तर ईसी मोजतो, म्हणजे क्षारांमुळे पाण्यातून वीज किती वाहते ते. दीड ईसीचं पाणी एक पेन ७५० दाखवतो, दुसरा १०५०, आणि दोन्ही खरे असतात. पीएचचा स्वस्त पेन मात्र भरवशाचा नाही. त्यापेक्षा थेंब टाकून रंग बघायची बाटली बरी.

काय लावावं यावर माझं मत ठाम आहे. पान खुडून खायची भाजी लावा, उपटून खायची नको. मेथी-कोथिंबीर दाट पेरायची, मुळासकट काढायची, जुडी बांधायची पिकं. सहा भोकांत किती जुडी होणार? पालक उत्तम. इंग्रजी व्हिडिओ बघून लोक म्हणतात की पालक पाण्यावर येत नाही. त्यांचा स्पिनॅच वेगळा. आपला पालक बीटाच्या जातकुळीतला आहे, तो थोडी जास्त उष्णता आणि थोडे जास्त क्षार सोसतो. ‘ऑल ग्रीन’चं बी रात्रभर भिजवून लावते. आंबट चुकाही झकास येतो, पान मातीतल्यापेक्षा कोवळं, आंबटपणा मात्र जरा मवाळ, त्यामुळे डाळीत दोन मुठी जास्त पडतो. पुदिन्याला खोक्यात घेऊ नका, तो बाकीच्यांचं जिणं नकोसं करतो. त्याला त्याची बादली वेगळी.

खुडणी संध्याकाळी करते. दिवसभराच्या उजेडात पानातलं साठलेलं नायट्रेट कमी झालेलं असतं. मावा येतोच, निंबोळी तेल फवारायचं, विषय संपला.

पैसे वाचतात का? हिवाळ्यात मुळीच नाही, तेव्हा बाजारात पालक मातीमोल असतो. श्रावणात जुडी चिखलाने माखलेली आणि सोन्याच्या भावात असते, तेव्हा परसातली पानं खुडताना बरं वाटतं. पण त्यासाठी खोक्यांवर पारदर्शक छप्पर हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत जाऊन खत पातळ होतं. आमच्या ह्यांनी जुन्या पत्र्यांच्या सांगाड्यावर ते ठोकून दिलं, दोन दिवस कुरकुर करत.

एक पाइप लेट्यूससाठी ठेवलाय. बाकीचे तीन भिंतीला टेकवून उभे आहेत, रंग दिलेले, भोकं पाडलेले, अँगलसकट. नाशिकमध्ये कुणाला हवे असतील तर घेऊन जा, पैसे नकोत. पंप मिळणार नाही, मार्चमध्ये तो कूलरला लागतो.