गच्चीवर रिसॉर्ट करून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका

एकूण ६९,७९९ रुपये गेले. आकडा मुद्दाम पूर्ण लिहिते, कारण पोलीस ठाण्यात तो ऐकून समोरचा म्हणाला, "ताई, लोकांचे कोटीने जातात." आमच्याकडे कोटी नाहीत. भिशीचे आणि शिकवणीचे साठवलेले पैसे होते हे.

जळगावचा मे कोणाला सांगायला नको, पारा ४४-४५ वर. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे महाबळेश्वर सोडा, तोरणमाळही जमत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही लेकी माहेरी येतात. यंदा गच्चीवरच हिरवळ, मांडव, पाण्याचे फवारे, डुंबायला टब आणि मोठा झोका करावा, चार दिवस सगळ्यांनी घरीच निवांत राहावं, एवढाच विचार. यात हाव कुठे आली? फुकटात मागितलं नव्हतं. पॅकेज एक लाख आणि त्यावर जीएसटी, १,१८,००० ठरले होते.

फेसबुकवर जाहिरात, पत्ता सुरतचा. त्या माणसाने गच्चीचे फोटो मागवले आणि त्यावरच डिझाईन करून पाठवलं. आमची टाकी, टाकीला लावलेलं एम-सीलचं ठिगळ, खाटेवर वाळत घातलेले बिबडे, सगळं जसंच्या तसं, आणि मधोमध पितळी कड्यांचा झोका. सासूबाई कितीतरी वेळ तो फोटो बघत बसल्या होत्या. कोणाचाही विश्वास बसला असता. असं चित्र आजकाल मोबाईलवर बसल्या बसल्या होतं, हे नंतर कळलं.

चाळीस टक्के आगाऊ, ४७,२०० दिले. तिथेच थांबायला हवं होतं. पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर कंपनीचं नाव यायला पाहिजे, आलं कुठल्याशा बाईचं. मी विचारलं, नाही असं नाही! "अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली." उत्तर इतकं पटकन आलं की मी पिन टाकला. ते नाव अजून रात्री डोळ्यांपुढे येतं. बिलावरचा जीएसटी नंबर ०८ ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: ०८ राजस्थानचा, गुजरातचा २४, आपला २७. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंदणी कोणाची ते फुकट दिसतं. आणि घनमीटरभर पाणी म्हणजे एक टन वजन. स्लॅब बघायला न येता गच्चीसाठी टब विकणारा माणूस कारागीर नसतोच.

पुढचं ठरलेलंच. बिल्टीचा, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीचा फोटो, "गाडी नवापूरच्या नाक्यावर अडकली, डिपॉझिट भरा, परत मिळेल," १२,६००. चिडून पैसे परत मागितले तर क्यूआर आला, मिस्टरांनी घाईत स्कॅन करून पिन टाकला, आणखी ९,९९९. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मी केला, लाइन लागता लागत नव्हती. तक्रार नंबर मिळाला, तो जपून ठेवा, स्क्रीनशॉट पुसू नका. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा पैसे परत मिळण्याचा नियम आपल्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी आहे, हे मान्य. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुठल्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलं ना? आमच्या बचतगटाला खातं उघडायला ढीगभर कागद मागतात, आणि चोरांना खाती कशी मिळतात? ठाण्यात म्हणे सायबर पोलिसांकडे जा, सायबरला म्हणे ठाण्यात लेखी द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. ते वाचून दाखवलं तर विचारतात, "वकील आहात का?" फसवणूक झालेल्या बाईने आधी वकील व्हायचं का? ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा खरा पत्ता लागतो. भाचा सुरतला जाऊन आला, त्या पत्त्यावर साड्यांचं गोदाम आहे.

धुळे, नंदुरबार, भुसावळकडे कोणी अशाच जाहिरातीला पैसे भरले असतील तर लाजू नका. लेखी तक्रार द्या, शिक्क्यानिशी पोच घ्या. त्याच खात्यावर चार तक्रारी झाल्या तर एका बाईचं किरकोळ प्रकरण म्हणून फाइल बाजूला सारता येणार नाही.