ॲडवेअर काढून देतो म्हणाले आणि कॉम्प्युटरच ताब्यात घेतला

घरच्या कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात सारखे डबे येतायत, "तुमच्या मशीनमध्ये पाच व्हायरस सापडले", "तुमचा अँटिव्हायरस आज संपतोय" वगैरे, आणि ते घालवायला म्हणून तुम्ही आत्ता काहीतरी डाउनलोड करायच्या बेतात असाल तर आधी थांबा आणि हे वाचा. मी थांबले नव्हते. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून जास्त मनस्ताप नंतर झाला आणि सगळ्यात जास्त राग याचा येतो की मूळ दुखणं दोन क्लिकमध्ये फुकटात जाण्यासारखं होतं.

झालं असं की मला दोन-तीन पीडीएफ एकत्र जोडायच्या होत्या, घाई होती, म्हणून एक फुकटचं सॉफ्टवेअर शोधलं आणि नेक्स्ट नेक्स्ट करत इन्स्टॉल केलं. त्या पानांवर खाली बारीक अक्षरात आधीच टिक केलेल्या चौकटी असतात, हा टूलबार पण टाका, होमपेज पण बदला, हे अमुक ऑप्टिमायझर पण घ्या. "कस्टम" निवडलं तर बहुतेक वेळा त्या दिसतात तरी, "रेकमेंडेड" ठेवलं की सगळं गुपचूप आत येतं. त्याच साइटवर "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा" असंही आलं होतं, तेही मी दाबलं. तो अलाऊ रोबोबिबोसाठी नव्हता, त्या साइटला माझ्या स्क्रीनवर कधीही नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती ती. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आठवडाभरात होमपेज बदललं, काहीही शोधलं की भलत्याच सर्च पानावर जायला लागलं आणि डबे सुरू झाले. मग मी "ॲडवेअर (नकळत आत शिरून सारख्या जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर) कसं काढायचं" म्हणून शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. ती जाहिरात होती. सर्चमध्ये पहिल्या एक-दोन जागा पैसे देऊन मिळतात आणि वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, पण घाबरलेला माणूस तेवढं बघत नाही.

तिथून एक क्लीनर उतरवला. त्याने मिनिटभरात स्कॅन केलं आणि लाल अक्षरात आकडा दाखवला, १,२४३ धोके. खाली मोठं बटण, "सगळे दुरुस्त करा", आणि ते दाबलं की पैसे मागणारं पान. भरले. आकडा शून्यावर आला, हिरवी टिक आली, आणि दहा मिनिटांनी कोपऱ्यात पुन्हा तोच डबा. पैसे भरल्याच्या मेलमध्ये एक फोन नंबर होता, ॲक्टिव्हेशन पूर्ण करण्यासाठी इथे बोला म्हणून. मी केला फोन.

समोरचा माणूस अतिशय नम्र होता, हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्या डोक्यात फसवणारा म्हणजे कोणीतरी गडबडीत बोलणारा, दमदाटी करणारा असा असतो. हा म्हणाला, मॅडम अजिबात घाबरू नका, मी लाइनवर आहे, आपण मिळून बघू. त्याने एक छोटं सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, त्यात आलेला नंबर वाचून दाखवायला सांगितला, मी वाचला, आणि माझा हात माऊसवर नसताना स्क्रीनवरचा बाण चालायला लागला. ते बघून पोटात गोळाच आला पण म्हटलं मदतच करतोय.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. हा विंडोजमध्येच असतो. त्यात लाल आणि पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी, एरर, वॉर्निंग, एरर, एरर. तो म्हणाला, मॅडम हे सगळे हल्ले आहेत, आणि हे बघा यातला एकही मी डिलीट करून दाखवू शकत नाही, त्याने राइट क्लिक केलं आणि खरंच तिथे डिलीट नव्हतंच. मला घाम फुटला. मग एक काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं, तिथे आकड्यांच्या रांगा आल्या आणि एका रकान्याच्या वर लिहिलेलं, "फॉरेन ॲड्रेस". म्हणाला, हे परदेशातले लोक आत्ता या क्षणी तुमच्या मशीनला जोडलेले आहेत.

त्यानंतर मी काय नाही म्हणणार होते. काही वर्षांचा "सिक्युरिटी प्लॅन" घेतला, कार्डाचा नंबर आणि ओटीपी मीच टाइप केला, तो बघत असताना. मग स्क्रीन वीसेक मिनिटं काळी केली, काम चालू आहे म्हणाला. स्क्रीन परत आली तेव्हा डबे खरोखर बंद झाले होते आणि म्हणूनच मला पुढचे दोन आठवडे शंका आली नाही.

शंका आली ती माझ्या भाच्याला. तो आला होता, मी कौतुकाने सांगितलं की बघ किती व्हायरस काढले, आणि त्याचा चेहराच उतरला. काही न बोलता त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला, इव्हेंट व्ह्यूअर काढला आणि माझ्यापुढे धरला. तशाच लाल खुणा. तीच यादी. म्हणाला, मावशी, ही विंडोजची डायरी आहे, कुठली सर्व्हिस दोन सेकंद उशिरा सुरू झाली तेही यात लिहितं, सगळ्यांच्याच मशीनवर असतं. त्यात १००१६ नंबरची डिस्ट्रिब्युटेड कॉमची (विंडोजच्या एका आतल्या भागाची) एक नोंद माझ्याकडे पण ढिगाने होती आणि त्याच्याकडे पण, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. डिलीट नाही म्हणजे व्हायरस जाम बसलाय असं नाही, त्या यादीतली एकेक नोंद पुसायची सोयच नसते. आणि ते फॉरेन ॲड्रेस म्हणजे पलीकडच्या टोकाचा पत्ता, बस. तुम्ही कुठलीही साइट उघडलीत की तिचा पत्ता त्या रकान्यात येणार. क्लीनरच्या १,२४३ धोक्यांपैकी जवळजवळ सगळ्या कुकीज होत्या, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी, चार साइट बघितल्या की पुन्हा तयार होतात त्या.

आणि डबे का थांबले? त्या माणसाने ब्राउझरमधली नोटिफिकेशनची परवानगी काढली होती. एवढंच. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी असलेल्या साइटची यादी दिसते, अनोळखी नावापुढचे तीन ठिपके दाबून काढून टाकायची. माझ्या यादीत ते एकच विचित्र नाव होतं. यासाठी मी दोनदा पैसे भरले.

पण खरं वाईट पुढे आहे. भाच्याने इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावली (हे नक्की करा, एकाच दिवशी आलेली पिलावळ लगेच दिसते) तर त्यात ते दूरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर अजून होतं. सर्व्हिस म्हणून, ऑटोमॅटिक, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की तेही चालू, आणि त्याला कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला, म्हणजे माझ्या परवानगीशिवाय तो माणूस कधीही आत येऊ शकत होता. दोन आठवडे मी त्याच मशीनवर बँकेचं काम करत होते. क्लीनर अनइन्स्टॉल केला तर रीस्टार्ट केल्यावर पुन्हा हजर, कारण टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे विंडोज जिथून ठरलेली कामं आपोआप चालवतं तिथे, त्याचं एक काम लावलेलं होतं, लॉगइन झालं की परत उतरव. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये, डिफेंडरमध्ये, एक्सक्लूजन म्हणून यादी असते, यात बघू नको अशी, तिथे त्याच क्लीनरचा फोल्डर घातलेला. क्रोमच्या मेनूत तळाला "तुमच्या संस्थेद्वारे मॅनेज केलं जातंय" असं काहीतरी दिसत होतं. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आलीय संस्था. जुन्या ॲडवेअरने पॉलिसी (ऑफिसच्या मशीनवर लावतात तशी सक्तीची सेटिंग) टाकून आपलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, असं बसवलं होतं की त्याला काढायचं बटणच नव्हतं. अगदी डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर टार्गेटच्या शेवटी एका साइटचा पत्ता चिकटवलेला, म्हणून होमपेज कितीही बदललं तरी तेच पान उघडायचं. म्हणजे मूळचं ॲडवेअर जसंच्या तसं होतं, वर यांची भर.

आम्ही आधी नेटची वायर काढली. मग ते रिमोट सॉफ्टवेअर उडवलं, शेड्यूलरमधलं काम काढलं, डिफेंडरची एक्सक्लूजन रिकामी केली, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, तो मशीन रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागली. ॲडवेअरसाठी ॲडडब्ल्यूक्लीनर नावाचं फुकटचं टूल आहे, २०१६ पासून ते मालवेअरबाइट्सकडे आहे, ते चालवलं, त्याने पॉलिसी आणि एक्स्टेन्शन दोन्ही पकडलं. पण हे टूल त्यांच्याच साइटवरून घ्या, पत्ता स्वतः टाइप करून, सर्चमधल्या जाहिरातीतून नाही. एवढं करूनही भाचा म्हणाला, मावशी, ज्या मशीनवर परका माणूस वीस मिनिटं काळ्या स्क्रीनमागे बसलाय त्याची खात्री मी देणार नाही. म्हणून फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढून विंडोज नव्याने टाकलं. मला वाटतं तेच बरोबर होतं. साध्या ॲडवेअरला एवढं करायची गरज नसते, पण कोणाला दूरून मशीन चालवू दिलं असेल तर करा.

पासवर्ड मी फोनवरून बदलले, त्या मशीनवरून नाही, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा, कारण ईमेल हातात असला की बाकी सगळे पासवर्ड रीसेट करता येतात. कार्ड बंद केलं. क्लीनरच्या पैशांची तक्रार बँकेने घेतली आणि ते परत आले. प्लॅनचे आले नाहीत, ओटीपी मी स्वतः दिला होता.

अजून एक, पूर्ण स्क्रीन व्यापून आवाज करत येणारी जी वॉर्निंग असते, खाली फोन नंबर लिहिलेली, ती ब्राउझरचं पान असतं फक्त. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. एस्केप दाबून धरा, नाहीतर कंट्रोल शिफ्ट एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका.

तीन महिन्यांनी मला पुन्हा फोन आला. आवाज वेगळा होता पण तसाच नम्र. आमची कंपनी बंद होतेय, तुमच्या प्लॅनचे पैसे परत द्यायचेत, माझं नाव, प्लॅनची तारीख, भरलेली रक्कम सगळं त्याला तोंडपाठ. फक्त एक छोटं सॉफ्टवेअर उतरवा म्हणाला, आणि बँकेचं पान उघडून ठेवा म्हणजे पैसे जमा झालेले तुम्हाला दिसतील. मी कॉम्प्युटर बंद आहे म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या आठवड्यात अजून चार वेळा आला.