पाव किलो की नुसता पाव? लेक्सर इव्हेंटवाला की मागणीवाला

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकू घरून फराळ विकतात. मोबाइलवर ऑर्डरी येतात त्या अशा : "शेव पाव किलो, पाव १ डझन, चकली ५०० ग्रॅम". या ओळींची टोकनं, म्हणजे शब्द-आकड्यांचे सुटे तुकडे, पाडणारा प्रोग्रॅम (लेक्सर) त्यांच्या भाच्याला लिहायचाय. भाषा पर्ल की पायथन आणि पद्धत इव्हेंटची (टोकन सापडलं की कळवणारी) की मागणीची (मागाल तेव्हा टोकन देणारी), यात तो अडकलाय.

इव्हेंटवाली पद्धत म्हणजे पंगत. प्रत्येक नियमाला हँडलर (टोकन सापडलं की चालणारा कोड) जोडून तुम्ही बसायचं. लेक्सर पुढे सरकत जातो आणि सापडेल ते पानात वाढतो. पर्लमध्ये पार्स::लेक्सइव्हेंट हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) याच चालीचं आहे. दुसऱ्या, मागणीवाल्या पद्धतीत वाढून घ्यायचं आपण : पायथनच्या जनरेटरला (मागितलं की एकेक गोष्ट देणाऱ्या फंक्शनला) 'पुढचं दे' म्हणायचं. जनरेटर घडवणाऱ्या 'यील्ड' या शब्दाची ही सोय पायथनच्या २००१ च्या २.२ आवृत्तीपासून आहे.

लॉग चाळायचाय, कोडला रंग द्यायचेत, शब्द मोजायचेत, तर पंगतच बरी. तिथे एका टोकनाला शेजाऱ्याशी घेणंदेणं नसतं. काकूंच्या ओळीत मात्र आहे. 'पाव'चा हँडलर चालतो तेव्हा पुढे 'किलो' आहे की '१' हे त्याला ठाऊकच नसतं. मग तो 'पाव' कुठेतरी राखून ठेवा, पुढच्या हँडलरमध्ये तपासा, ओळ संपली की विसरू नका... 'अडीच', 'पाऊण' आले की झेंड्यांची, म्हणजे लक्षात ठेवायच्या खुणांची, जत्राच. जनरेटर असेल तर एक टोकन पुढे डोकावायचं : किलो दिसलं तर पाव म्हणजे चतुर्थांश, नाहीतर लादीतला.

लेक्सर बनवून देणारं १९७५ चं मूळ लेक्स सर्वांत लांब जुळणी निवडतं. पर्ल-पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधले (मजकूर जुळवायच्या नमुन्यांतले) पर्यायी नियम मात्र आधी लिहिलेल्याला मान देतात. 'पाव'चा नियम वर ठेवला की 'पावभाजी'तून चतुर्थांश भाजी निघते.

भाषा निवडताना देवनागरी तपासा. पायथनच्या अंगभूत आरई या नमुने जुळवणाऱ्या मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू ही 'शब्दातलं कुठलंही अक्षर' अशी खूण मात्रांना अक्षर मानत नाही. 'चकली'ची 'चकल' होते, 'शेव'चे 'श' आणि 'व' असे दोन तुकडे. शब्दसीमाही त्यावरच बेतलेली, म्हणून 'पावाची लादी'त काना लागताच 'पाव' संपला असं ते समजतं. वेगळं मिळणारं रेजेक्स मॉड्यूल वापरलं की हे दुखणं जातं. पर्ल इथे मुळातच शहाणं आहे, मजकूर आधी यूटीएफ-८ मधून (अक्षरं ज्या रूपात साठवतात त्या बाइटांतून) डिकोड केलेला असला की झालं. पण आकड्यांत तेच फसतं : आकडा करून घ्यायला '५००' मध्ये शून्य मिळवलं तर उत्तर शून्य येतं. पायथनचं इंट हे आकडा करून देणारं फंक्शन मुकाट्याने ५०० देतं.

मी भाच्याला पायथन, जनरेटर आणि रेजेक्स सांगितलंय. उद्या ऑर्डरी तुकड्यातुकड्याने सॉकेटवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) येऊ लागल्या तर इव्हेंटचा विचार पुन्हा करता येईल; तेव्हाही '५०' एका तुकड्यात आणि '० ग्रॅम' दुसऱ्यात येऊ शकतं, म्हणून ओळ पुरी होईपर्यंत शेपूट धरून ठेवावंच लागेल.