श्रीखंडाच्या डब्यावरचे रंग बदलणारे लेबल: नऊ महिन्यांचा वापर आणि पेटंटचा प्रश्न

सातारा जिल्ह्यातील आमच्या लहानशा दुग्धव्यवसायात दिवाळीनंतर आम्ही श्रीखंडाच्या अर्ध्या किलोच्या डब्यांवर तापमानानुसार रंग बदलणाऱ्या शाईची लेबले लावायला सुरुवात केली. हिवाळा, संपूर्ण उन्हाळा आणि आता अर्धा पावसाळा असे नऊ महिने ती वापरात आहेत. या लेबलावर विश्वास ठेवता येतो का, आणि त्यात आम्ही केलेल्या सुधारणेला पेटंट मिळू शकते का, या दोन प्रश्नांची उत्तरे मी या काळात शोधत होतो. लेबलातील उणिवा कळत गेल्या तसा पेटंटचा प्रश्नही उलगडत गेला, म्हणून दोन्हींचा अनुभव एकत्रच लिहीत आहे.

आम्ही घेतलेले लेबल 12 अंश सेल्सिअसच्या खाली निळे असते आणि त्याहून गरम झाले की पांढरे पडते. शाईमध्ये काही मायक्रॉन आकाराच्या बंद कुप्या असतात. प्रत्येक कुपीत ल्युको प्रकारचे रंगद्रव्य, त्याला रंग आणणारे सौम्य आम्ल आणि ठरावीक तापमानाला वितळणारा मेणासारखा पदार्थ असतो. हा पदार्थ घट्ट असेपर्यंत रंगद्रव्य आणि आम्ल एकमेकांना धरून राहतात व रंग दिसतो. तो वितळला की त्यांची जोडी सुटते आणि रंग जातो. पुन्हा गारवा मिळाला की रंग परत येतो. पायलट कंपनीच्या फ्रिक्शन पेनांतली खोडता येणारी शाई याच तत्त्वावर चालते. या शायांपैकी काहींत आम्ल म्हणून बिस्फेनॉल ए हे आरोग्याच्या दृष्टीने शंकास्पद मानले जाणारे रसायन वापरलेले असते, त्यामुळे खाद्यपदार्थाच्या व्यवसायात असणाऱ्याने पुरवठादाराकडून घटकांची लेखी माहिती आधी मागावी. छापलेली बाजू अन्नाला लागू नये, हे तर 2018 च्या खाद्य पॅकेजिंग नियमांनीच सांगितले आहे.

थंडीत लेबलाने उत्तम काम केले. दुकानदारांना ते आवडले, कारण फ्रीज नीट चालत नसेल तर काचेतूनच कळू लागले. खरी परीक्षा मार्चअखेरीस झाली. सोलापूरच्या फेरीत टेम्पो वाटेत बंद पडला, जेल पॅक वितळून गेले आणि डबे दुपारभर तापले. संध्याकाळी ते दुकानाच्या फ्रीजमध्ये गेले आणि सकाळी प्रत्येक लेबल पुन्हा निळेशार होते. चालकाने फोन केला होता म्हणून आम्ही तो माल परत आणला. त्याने कळवले नसते, तर बिघडण्याच्या वाटेवर असलेला डबा ‘मी थंड आहे’ असे सांगत एखाद्या घरी गेला असता, आणि ते सांगणे त्या क्षणापुरते खरेही ठरले असते. या विचाराने मला अनेक दिवस स्वस्थता नव्हती. उलट फिरणारी शाई आत्ताचे तापमान दाखवते. डब्याने आधी काय सोसले ते तिला दाखवता येत नाही. दुधाच्या पदार्थांसाठी ही उणीव लहान नाही.

झालेली उष्णता कायमची नोंदवणारी लेबले आपल्याकडे नवीन नाहीत. पोलिओच्या डोसाच्या कुपीवरचा गोल आणि त्यातला चौकोन लसीकरण केंद्रावर अनेकांनी पाहिला असेल. 1996 पासून वापरात असलेल्या या खुणेत चौकोनातील रसायन उष्णतेने हळूहळू गडद होत जाते आणि पुन्हा फिके होत नाही. चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. तिच्या प्रकारांना 2, 7, 14, 30 असे आकडे आहेत, आणि 37 अंशांना खूण किती दिवसांत शेवटच्या टप्प्याला पोहोचते ते त्या आकड्यांवरून कळते. मे महिन्यापासून आम्ही निळ्या लेबलाशेजारी अशीच कायम गडद होणारी पट्टी लावतो. तिचा त्रास एवढाच, की डब्यावर लावेपर्यंत ती पट्टीच डीप फ्रीझरमध्ये जपावी लागते.

दुसरी उणीव उन्हाची. ल्युको रंगद्रव्य अतिनील किरणांनी मरते. दर्शनी काचेजवळ ठेवलेल्या डब्यांची लेबले काही आठवड्यांत फिकी झाली आणि मग कितीही थंड केली तरी निळी होईनात.

तिसरी उणीव समजायला वेळ लागला. लेबल झाकणावर होते, आणि झाकण व श्रीखंड यांच्यामध्ये हवेची पोकळी असते. फ्रीजचे दार थोडा वेळ उघडे राहिले तरी लेबल पांढरे पडे, मात्र डब्यात खोचलेला थर्मामीटर आत श्रीखंड थंडच असल्याचे दाखवी. याउलट, तापलेला डबा फ्रीजमध्ये ठेवला की लेबल लगेच निळे होई आणि आतला गाभा बराच वेळ कोमट राही. आम्ही लेबल डब्याच्या बाजूला, श्रीखंड भिंतीला टेकते तिथे, हलवले आणि बराच फरक पडला. नंतर आणखी एक प्रयोग केला: कायम गडद होणाऱ्या पट्टीखाली जेलची छोटी पुडी आणि वर हवेचा थर राखणारे पारदर्शक आवरण, अशा बेताने की पट्टी श्रीखंडाच्या गाभ्याइतक्याच संथपणे तापावी.

हे सगळे घेऊन एप्रिलमध्ये मी पेटंट एजंट मॅडमना भेटलो. माझ्या मनात ‘श्रीखंडासाठी रंग बदलणारे लेबल’ असे मोठे पेटंट होते. त्यांनी 1970 च्या पेटंट कायद्याचे, कशाकशाला पेटंट मिळत नाही हे सांगणारे, कलम 3 समोर ठेवले आणि माझ्या एकेका कल्पनेचा हिशेब मांडला. ज्ञात शाई श्रीखंडावर वापरणे म्हणजे ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग. तो 3(ड) मध्ये अडकतो. निळे लेबल आणि गडद होणारी पट्टी शेजारी लावणे म्हणजे आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात वस्तूंची मांडणी. ती 3(फ) मध्ये अडकते. शाईत ऊन रोखणारा घटक मिसळायचा माझा विचार होता. मिश्रणातून घटकांच्या गुणांच्या बेरजेपलीकडे काही निष्पन्न होते हे आकड्यांनी दाखवता आले नाही, तर 3(इ) आडवे येते. लेबल झाकणावरून बाजूला हलवणे ही कारखान्यातली साधी सुधारणा. अशा सुधारणेपलीकडे काही तरी असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या, भांडी लेथवर धरण्याच्या पद्धतीविषयीच्या, खटल्यात स्पष्ट केले आहे.

जेलच्या पुडीवर मात्र त्या थांबल्या. तिथेही शोध घेतल्यावर कळले, की लसींच्या फ्रीजमध्ये थर्मामीटरचे टोक ग्लायकोलच्या बाटलीत बुडवून ठेवतात, ते याच हेतूने. म्हणजे मूळ कल्पनाही आमची नव्हे. मग उरले काय, तर ठरावीक घटकांचे जेल, त्याची जाडी, वरच्या हवेच्या थराची उंची आणि अर्ध्या किलोच्या डब्याचा गाभा यांचा मेळ. हा मेळ त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारा नाही, आणि त्याने तांत्रिक प्रगती होते, हे तुलनात्मक मोजमापांनी सिद्ध करणे हाच आमचा सगळा दावा. पेटंट रंग बदलण्याला नव्हे तर मोजून ठरवलेल्या रचनेला मागावे, हे मला या भेटीत उमगले, आणि ते पटायला मला वेळ लागला हेही लिहितो.

एका बाबतीत त्यांनी आम्हाला वेळेवर थांबवले. पुडीचे डबे आम्ही दुसऱ्याच आठवड्यात दुकानांत पाठवणार होतो. अर्जाआधी माल उघडपणे विकला गेला की नावीन्य संपते. प्रदर्शनांसाठी कायद्यात असलेली 12 महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती आहे, किराणा दुकानांना ती लागू नाही. म्हणून एप्रिलअखेरीस प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज ऑनलाइन दाखल केला. व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी त्याची सरकारी फी 1,600 रुपये होती. संपूर्ण तपशीलपत्र त्यानंतर 12 महिन्यांत द्यावे लागते.

याच ओघात निळ्या लेबलाच्या माहितीपत्रकावरचा ‘पेटंटप्राप्त’ हा शब्द तपासून पाहिला. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत शोध घेता येतो. तिथे तो अर्ज प्रकाशित झालेला दिसला, मंजूर झालेला नव्हता. साधारण 18 महिन्यांनी होणारे प्रकाशन आणि मंजुरी या फार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि पेटंट नसताना ते असल्याचे सांगणे कलम 120 नुसार दंडास पात्र आहे. पुरवठादाराला पत्र लिहिल्यावर नव्या माहितीपत्रकातून तो शब्द गेला. असे लेबल घेणाऱ्या प्रत्येकाने अर्जक्रमांक मागून स्वतः पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निळे लेबल आम्ही चालू ठेवले आहे, फ्रीज तपासण्याचे साधन म्हणून, आणि ‘हा रंग फक्त सध्याचे तापमान दाखवतो’ हे वाक्य त्याखाली ठळक छापले आहे. पुडीच्या रचनेची एप्रिल ते जुलैमधील मोजमापे हाती आहेत. थंडीतली उरली आहेत. डिसेंबरमध्ये पहाटेच्या फेरीतल्या डब्यांवर ती घेऊन मगच संपूर्ण तपशीलपत्र भरणार आहोत.