हवेच्या कप्प्यांची व्हीलचेअर गादी: आठ महिने, एक पावसाळा आणि चोर्ल्याच्या फेऱ्या

१० सेंटिमीटर उंचीची, एकमेकांना जोडलेल्या रबरी कप्प्यांची, एकाच व्हॉल्व्हची गादी, सतत बसून कातडीला दाबाची जखम होऊ नये म्हणून. वापर रोज नऊ-दहा तास, खाली १८ इंची घडीची व्हीलचेअर, बसणाऱ्याला कमरेखाली संवेदना नाही. मत आधीच सांगून टाकू: गादी चांगली आहे, परवडत असेल तर जरूर घ्यावी. पण तिच्यातली हवा बरोबर असेल त्या दिवशीच ती चांगली. हवा चुकली की साधी फोमची गादीही हिच्यापेक्षा बरी, कारण वरून बघून चूक कळत नाही आणि बसणाऱ्यालाही ती जाणवत नाही.

बहुतेक घरांत ती टम्म फुगवतात. टम्म गादीत माणूस रुतत नाही, वरच राहतो. सगळा भार बसायच्या दोन हाडांवर येतो आणि तोलही जातो. हवा कमी पडली तर तीच हाडं थेट तळाला टेकतात. म्हणून हातानं तपासणं आलंच. आधी गरजेपेक्षा थोडी जास्त हवा भरायची. माणूस नेहमीसारखा बसवायचा, कंबर पार मागे, पावलं फूटरेस्टवर. तळहात वर करून हात कुल्ला आणि गादी यांच्यामधे सरकवायचा, त्या बाजूची मांडी किंचित उचलून सगळ्यात खालचं हाड चाचपायचं आणि मांडी परत खाली ठेवायची. आता बोटं तिथंच ठेवून दुसऱ्या हातानं व्हॉल्व्ह हळूहळू सोडायचा. बोटांची टोकं जेमतेम हलू लागली की लगेच बंद. हाड आणि तळ यांच्यात दीड ते अडीच सेंटिमीटर हवा उरायला हवी. मग दुसरी बाजू. एका बाजूला हाड जास्त खाली लागत असेल तर कंबर कललेली आहे. एका व्हॉल्व्हच्या गादीत हवा उचललेल्या बाजूला पळते आणि कललेली बाजू आणखी रुतते. अशा माणसाला ही गादी घेऊ नका. वेगवेगळे भाग बंद करता येतील अशी हवी, आणि बसवून बघितल्याशिवाय तीही नको.

ही तपासणी रोज सकाळी, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती गादीसोबतच्या कागदावरून सहज लक्षात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथं नीट हवा भरून चोर्ल्याचा घाट उतरलात की खाली गोव्यातल्या साखळी गावात बाहेरच्या हवेचा दाब जास्त, त्यामुळे गादीतली हवा ८ टक्क्यांच्या आसपास आकसते. सकाळी बोटभर असलेली जागा तेवढ्यानंही अपुरी पडू शकते. गोव्यात भरून वर आलात तर उलटं, गादी कडक होते. म्हणून पंप गाडीतच ठेवायचा, घाट उतरल्यावर आणि चढल्यावर दोन्ही वेळा हात घालून बघायचं. थंडीतल्या पहाटेही गादी मऊ लागते, कारण गारठ्यानंही हवा आकसते.

गादीखालची बैठकही बघा. घडीच्या व्हीलचेअरची रेक्झिनची बैठक काही महिन्यांत झोळीसारखी खाली जाते. मग मांड्या आत वळतात, कंबर तिरकी होते आणि गादी काही करू शकत नाही. बैठकीच्या मापाची ९ ते १२ मिलिमीटरची प्लायवूडची फळी, कडा गोल घासून, खाली टाकली की हा प्रश्न संपतो. मात्र गादी आणि फळीमुळे माणूस ५-६ सेंटिमीटर तरी वर जातो, तेवढं फूटरेस्ट वर घ्यावं लागतं. ते खाली राहिलं की पाय लोंबकळतात, माणूस पुढे घसरतो आणि माकडहाडावर बसतो. तिथली कातडी भारानं दबते आणि घसटूनही निघते. फूटरेस्ट फार वर घेतलं तर गुडघे उचलतात आणि भार परत बसायच्या हाडांवर. मांडी गादीला सपाट टेकलेली आणि गुडघ्याच्या मागे दोन बोटं जागा, हे बरोबर.

गादीवर वाकळ, टॉवेल, प्लॅस्टिक काही टाकू नका. माया कितीही असली तरी वाकळीची शिवण आणि घडी कातडीला टोचते आणि कप्पे बांधले जातात. फक्त सोबतचं ताणलं जाणारं कव्हर. जांबोटी-खानापूरच्या पावसात ते दोन-दोन दिवस वाळत नाही, ओलसर कव्हरवर बसलं की कातडी लवकर फाटते. दुसरं कव्हर पहिल्याच दिवशी मागवा.

पंक्चर आठ महिन्यांत एकदा, जीन्सच्या मागच्या खिशाच्या रिव्हेटनं. साबणाच्या पाण्यात बुडबुडे बघून सोबतच्या पॅचनं जमलं. ते रिव्हेट कातडीतही तसंच रुततं, तेव्हा त्या पँटी बाद.

गादी चांगली म्हणून भार हलवणं थांबवायचं नाही. दर १५ ते ३० मिनिटांनी छाती मांड्यांकडे झुकवायची किंवा एकेका बाजूला कलायचं, आणि पुरी दोन मिनिटं तसं राहायचं. हातावर जोर देऊन दहा सेकंद उचलल्यानं रक्त पुरतं परतत नाही, खांदे मात्र झिजतात.

रात्री आरसा धरून बसायच्या जागेची कातडी बघायची. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून बोटांच्या पाठीनं बघायचं: आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, कडक किंवा फुगीर आहे का. अर्ध्या तासानंतरही तसंच असेल तर ती जागा पूर्ववत होईपर्यंत गादीवर बसायचं नाही. खोबरेल लावून चोळणं तर अजिबात नको, आत दबलेलं मांस त्यानं आणखी दुखावतं. कातडी निघाली, काळी पडली किंवा वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि दवाखान्यातही कुशीवर झोपूनच जायचं.