वेल लॉगचा वर्ग, मांजलपूर : पेन्सिलचे तीन दिवस पैसे वसूल, लॅपटॉपचा दिवस वाया

आधीच सांगते, मी अगदी कोरी पाटी घेऊन गेले नव्हते. सहा वर्षं मी मड लॉगर होते, म्हणजे तेलविहीर खोदताना मडसोबत, खोदकामाच्या चिखलासोबत, वर येणारा खडक तपासणारी. मेहसाणा, अंकलेश्वर, मध्ये काही महिने खंभातकडे. शेकरवरचे, म्हणजे चिखल गाळणाऱ्या हलत्या जाळीवरचे, कटिंग्ज (खडकाचे तुकडे) उचलायचे, चाळणीत धुवायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे, अल्ट्राव्हायोलेटच्या पेटीत धरून तेलाची चमक दिसते का ते लिहायचं. बारा तासांची पाळी. मुलगी झाली आणि रिग सुटली. आता ती शाळेत जाते, मला टेबलावरचं काम हवंय, आणि जी जाहिरात बघावी तिच्यात लॉग, म्हणजे विहिरीत उपकरण सोडून काढलेल्या मोजमापांच्या रेघा, वाचता येण्याची अट. म्हणून हा वर्ग लावला. दोन शनिवार-रविवार, मिळून चार दिवस, फी साडेनऊ हजार.

वर्ग म्हणजे बडोद्यात मांजलपूरला एका सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट. हॉलमध्ये जेवणाची दोन टेबलं जोडलेली, नऊ खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. ती मला. शिकवणारे सर निवृत्त लॉगिंग इंजिनिअर, मूळचे विदर्भातले. शिकवतात हिंदी, इंग्रजी आणि गुजरातीची मिसळ करून. चिडले की मात्र शुद्ध मराठी. वर्गात मराठी आम्ही दोघीच, मी आणि दांडिया बाजारची एक एम.एस्सी.ची मुलगी, त्यामुळे चिडण्याचा सगळा प्रसाद आमच्याच पानात.

पहिल्या दिवशी मला राग आला होता, ते लिहायला हवं. सरांनी आकड्यांचा एक तक्ता दिला, आलेखाचा कागद दिला आणि म्हणाले, काढा. एकेक मीटरला एकेक आकडा, एकेक ठिपका. साडेनऊ हजार यासाठी? मग त्यांनी सांगितलं की ५ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समध्ये पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या माणसांनी पहिला इलेक्ट्रिक लॉग घेतला तो असाच. उपकरण खाली सोडायचं, थांबायचं, आकडा वाचायचा, मीटरभर वर घ्यायचं, पुन्हा थांबायचं. रेघ हाताने जोडलेली. दोन तासांनी मान मोडून आली, पण एक गोष्ट डोक्यात बसली. रेघ म्हणजे खडक नव्हे; रेघ म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी भोकात, कुठल्यातरी चिखलात घेतलेले आकडे. सहा वर्षं रिगवर काढून हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं.

दुपारी खरा लॉग हातात दिला. लांबलचक पट्टी, विहिरीचं नाव काळ्या पेनने खोडलेलं. मी थेट गॅमा रेच्या, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या, रेघेवर गेले तर सरांनी पट्टीवर हात ठेवला. “अगं, आधी डोकं वाच. डोकं!” म्हणजे हेडर. बिट किती इंची, मड कुठला, तळाचं तापमान किती, खोली कुठून मोजली. मडमध्ये पोटॅशियम क्लोराइड असेल तर गॅमा रे उगाच वाढलेला दिसतो. बॅराइट (मड जड करणारी पूड) असेल तर खडकाचा प्रकार सांगणाऱ्या फोटोइलेक्ट्रिकच्या रेघेवर भरवसा ठेवायचा नाही. मग कॅलिपर, भोकाचा व्यास मोजणारी रेघ. बिट साडेआठ इंची आणि कॅलिपर बारा दाखवतोय म्हणजे तिथे भिंत ढासळली आहे. डेन्सिटीचं, म्हणजे घनतेचं, उपकरण भिंतीला टेकतच नाही, ते मधला चिखल मोजतं आणि खडक हलका सांगतं. अशा जागा त्यांनी लाल पेन्सिलने आडव्या खोडायला लावल्या. माझ्या पट्टीवर जवळजवळ पाव भाग लाल झाला. “आता जे उरलं त्यावर बोल.”

दुसऱ्या दिवशी आर्ची. खडकात पाणी किती आणि तेल किती ते काढायचं १९४२ चं समीकरण. कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, कधी वापरलं नव्हतं. सरांनी ते फळ्यावर लिहिलंच नाही. म्हणाले, आधी खाली पाणी शोधा. स्वच्छ वाळू, डेन्सिटी २.२४, म्हणजे सच्छिद्रता (खडकातल्या भोकांचा वाटा) २५ टक्क्यांच्या आसपास, आणि रेझिस्टिव्हिटी, म्हणजे विजेला होणारा विरोध, फक्त १.६ ओहम-मीटर. हे खारं पाणी, ते वीज वाहू देतं; तेल देत नाही. पंचवीस टक्क्यांचा वर्ग करून उलटा केला की सोळा, १.६ ला सोळाने भागलं की ०.१, ही पाण्याची स्वतःची रेझिस्टिव्हिटी. आता वर या. तीच वाळू, तीच सच्छिद्रता, पण रेझिस्टिव्हिटी २०. १.६ भागिले २०, वर्गमूळ, ०.२८. भोकाभोकांत २८ टक्के पाणी, उरलेलं तेल. कॅल्क्युलेटर न घेता जमलं. मग त्यांनी खोडी काढली. पाण्याचा आकडा ०.१ ऐवजी ०.३ धरा. पाणी २८ वरून ४९ टक्क्यांवर. रेघ तीच, वाळू तीच, आणि निम्मी वाळू पाण्याची. शेजारचा सुरतचा मुलगा हळूच म्हणाला, “आ तो लॉटरी छे.” सरांनी ऐकलं. लॉटरी नाही, म्हणाले, म्हणूनच पाण्याचा नमुना तपासतात.

आता माझी फजिती. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळी पट्टी, कुठे परफोरेट कराल, म्हणजे तेल-गॅस आत यायला विहिरीच्या पाइपला कुठे भोकं पाडाल, ते सांगा. माझ्यावर एक अडीच मीटरचा थर चमकत होता. गॅमा रे खाली (म्हणजे चिकणमाती नाही, स्वच्छ वाळू), रेझिस्टिव्हिटी २००, डेन्सिटी २.४, न्यूट्रॉनच्या रेघेवरची सच्छिद्रता शून्याच्याही खाली, दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडून गेलेल्या. पाठ्यपुस्तकातला गॅस. पट्टीच्या कडेला मड लॉगही होता आणि तिथे गॅसची टोकं आभाळाला लागलेली. मी हिशोब केला : सच्छिद्रता १५, पाणी १५ टक्के. उभी राहून सांगितलं, “सर, ८५ टक्के गॅस, इथे परफोरेट करायचं.”

सरांनी चष्मा पुसला. “मेहसाण्याला किती दिवस होतीस?” “दोन वर्षं.” “चाळणीत काळं काय यायचं?”

कोळसा! कलोलच्या थरांतला कोळसा मी शेकडो वेळा याच हातांनी धुतलाय, बोटं काळी करून घेतलीत, तो येताना मड गॅस वाढतो हे रात्री दोन वाजता रिपोर्टात लिहिलंय, आणि कागदावर समोर आला तर ओळखला नाही. झालं होतं असं की डेन्सिटीचा पट्टा १.९५ ते २.९५. कोळशाची डेन्सिटी १.४, ती डाव्या कडेबाहेर जाते आणि उजवीकडून पुन्हा आत शिरते. तिथे ती २.४ सारखी दिसते. न्यूट्रॉनचंही तेच, पंचावन्न टक्के डावीकडून बाहेर आणि उजवीकडून उणे पाच होऊन आत. दोन्ही रेघा मुळात डावीकडे पळाल्या होत्या आणि मी त्यांना गॅससारख्या एकमेकींच्या विरुद्ध जाताना बघत होते. सोनिककडे, आवाजाच्या वेगाच्या रेघेकडे, नजर टाकली असती तरी कळलं असतं, इतकी ती रेघ संथ आवाजाकडे गेलेली. आत वळलेली रेघ मूळ छापात बारीक ठिपक्यांची असते. माझ्या झेरॉक्सवर ती बाकीच्यांइतकीच जाड आली होती. सरांनी मुद्दाम तशी झेरॉक्स दिली की कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मशीनचा तो गुण, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काकू चहा घेऊन आल्या.

याच दिवशी पादऱ्याचा विषय निघाला. आपल्या बडोद्याच्या शेजारचं पादरा, तिथे तेल दख्खनच्या बेसाल्टमधून, भेगांमधून निघतं. बेसाल्टचा गॅमा रे कमी, म्हणजे एका रेघेवर गेलात तर स्वच्छ वाळू समजून मोकळे व्हाल. डेन्सिटी २.८ च्या पुढे दिसली की भानावर यायचं. पण झिजलेल्या बेसाल्टमध्ये तीही उतरते. आणि भेगांच्या खडकात आर्चीचा वर्ग-वर्गमूळवाला हिशोब तसाच लावता येत नाही, तो वाळूच्या खडकांवरून बांधलेला. यावर मला अजून दोन तास हवे होते. वीस मिनिटांत उरकलं, कारण चौथ्या दिवशीच्या लॅपटॉपची जुळवाजुळव करायची होती.

आणि तो चौथा दिवस. सर नाहीत, एक तरुण मुलगा. नऊ जणांत चार लॅपटॉप, त्यातल्या दोघांवर सॉफ्टवेअरच्या चाचणी-परवान्याची मुदत संपलेली. हे आधी बघता आलं नसतं? फाइल उघडली, बटण दाबलं, रंगीत पट्ट्या आल्या, सगळे खूश. मग सरासरी सच्छिद्रता उणे आली. तो मुलगा म्हणे, सेटिंगचा प्रॉब्लेम आहे. मी मागे जाऊन आकड्यांचा तक्ता बघितला : जिथे मोजमाप नाही तिथे फाइलमध्ये -९९९.२५ लिहिलेलं असतं, ते कोणी वगळलंच नव्हतं, बिचारं सरासरीत बसलं होतं. काढून दिलं. पुढचा अर्धा दिवस बाकीचे मलाच विचारत होते, आणि फी माझी कोणी परत केली नाही. प्रमाणपत्रावर आडनाव चुकलंय. जाहिरातीतली ‘नोकरीसाठी मदत’ म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर सध्या सुप्रभात चालू आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा सरांच्या लाल पेन्सिलचा. भूशास्त्राची बैठक नसेल तर झेपणार नाही. असेल, आणि विशेषतः माझ्यासारखे हात चिखलात घालून आलेले असाल, तर जा. चौथा दिवस सोडून कमी फी घेतात का ते विचारा; मी विचारलं नाही ही माझी चूक. नाश्त्याला लीला चिवडा असतो, चांगला असतो. गाडी सोसायटीबाहेर लावावी लागते. आणि साडेनऊच्या आत पोहोचून खिडकीजवळची खुर्ची धरा. आतल्या ट्यूबलाइटखाली ठिपक्यांची रेघ दिसत नाही.